देवघरातला तुकडा

जलालुद्दीनच्या हार्डवेअरच्या दुकानात बायनाबाई पुन्हा येऊन बसल्या, तेव्हा त्यानं काही न विचारता टेबलफॅनचं तोंड त्यांच्याकडं वळवलं. बाईंनी पदराखालून फडक्यात गुंडाळलेला पॅनलचा वीतभर तुकडा काढला आणि काउंटरवर ठेवला. शेजारी कागदाची पुडी सोडली. पुडीत चार स्क्रू होते, डोकी रंगवलेले.

"बघ बाबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

जलालुद्दीननं चष्मा कपाळावर चढवून बघितलं, मग नाकावर उतरवून बघितलं. एक स्क्रू उचलून तुकड्यावर आडवा ठेवला.

"काकू, सेम हाय की."

"हाय ना?"

"हाय म्हंजे! स्क्रू कुठं संपला आन् पॅनल कुठं सुरू झालं, वळखू यीना."

"मग तिकडं भिंतीवर गेला की येगळा का दिसतो रे?"

"कावून दिसतो ते मी कसं सांगू? भिंत तुमची." जलालुद्दीन हसला, पण दमल्यासारखा. "दोनदा रंग कालवला काकू. दुसऱ्या खेपेला तर तुमचा तुकडा शेजारी ठिवून थेंबाथेंबानं मिसळला. माझ्या लग्नाची शेरवानी बी इतकी बघून घेतली नव्हती मी."

बायनाबाईंना हसू आलं नाही. त्या तुकड्याकडं बघत राहिल्या. एका जागी जुळणारी गोष्ट दुसऱ्या जागी जुळत नाही, हे त्यांच्या डोक्यात काही केल्या बसत नव्हतं.

हे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. हायवेला लागून त्यांचा एक गाळा होता. त्यांचे मालक हयात होते तोवर तिथं विहिरीवरच्या मोटारी बांधायचं दुकान चाले. ते गेल्यावर नऊ वर्षं शटर बंद होतं. मुलगा अंगद हा युसूफ वडगाव नावाच्या गावी शाळेत मास्तर, शनिवारी येणार, सोमवारी जाणार. पण सून संस्कृती गाड्यांचा डिप्लोमा झालेली. लग्नानंतर दोन वर्षं ती घरात गुमान राहिली, आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "आत्याबाई, गाळ्याची किल्ली द्याल का?" बाईंनी किल्ली दिली. पाठोपाठ गावानं तोंड उघडलं. बाईच्या हातात पाना, आता हेच बघायचं राहिलं होतं म्हणे. बायनाबाई कुणाला उलट बोलल्या नाहीत. त्यांचा तो स्वभावच नव्हता. पहाटे उठून चहाच्या आधी एकशेआठ फुलवाती वळायच्या, गुरुवारी एकभुक्त राहायचं, आणि ज्यानं टोमणा मारला त्याच्यासाठीसुद्धा देवाजवळ चांगलंच मागायचं, एवढंच त्यांना येत होतं.

संस्कृतीला बॅटरीवरच्या स्कूटरचं सर्व्हिस सेंटर हवं होतं. कंपनीनं अटींची यादी धाडली. त्यात एक अशी की गॅरेजच्या भिंतींना कंपनीच्या रंगाचं प्लास्टिक पॅनल पाहिजे. फिकट राखाडी, त्यात आकाशी झाक. पॅनल आलं. शहादेव फिटरनं ते दोनशे चाळीस स्क्रू मारून बसवलं. मग कंपनीचे साहेब पाहणीला आले, भिंतीवरून हात फिरवला आणि कागदावर लिहिलं: पॅनल ठीक, स्क्रू चांदीसारखे चमकतात, ते पॅनलच्याच रंगाचे पाहिजेत. शटरच्या बाजूला एक वीतभर जागा उघडी राहिलीय, ती बंद करा. एकवीस दिवसांनी गुरुवारी पुन्हा येतो. तेव्हा नाही जमलं तर हे सेंटर माजलगावच्या पार्टीला जाईल, दुसरा अर्ज टेबलावरच आहे.

संस्कृतीच्या मागं वायरिंग होतं, चार्जिंगचे खांब होते, अवजारांचं कपाट होतं. बायनाबाई म्हणाल्या, "स्क्रूचं मी बघते. तेवढं तर जमंल मला."

आणि त्याच संध्याकाळी, त्या उघड्या जागेसाठी शहादेवनं कापून ठेवलेला तुकडा त्या घरी घेऊन गेल्या आणि देवघरात ठेवला. त्यांच्या सासूबाईंची रीत होती. कुठलंही काम धरलं की त्यातली एक वस्तू देवापुढं ठेवायची, काम पुरं होईपर्यंत रोज तिची पूजा करायची, आणि तोवर तिला कामाच्या जागी परत न्यायची नाही. बी पेरायचं असलं तर मूठभर बी, घर बांधायचं असलं तर एक वीट. बायनाबाईंनी संकल्प सोडला: एकवीस दिवस तुकडा देवापाशी राहील, आणि साहेब यायच्या दिवशी शेवटचा म्हणून भिंतीला बसेल.

दुकानात न्यायला हरकत नव्हती. तिकडं तो कामालाच जात होता. फक्त गॅरेजचा उंबरा त्यानं ओलांडायचा नव्हता.

पॅनलच्या रंगाचे स्क्रू कुठं मिळतात का, हे जलालुद्दीननं बीडपर्यंत फोन करून बघितलं. पांढरे होते, काळे होते, तपकिरी होते. एका दुकानदारानं तर विचारलं, भिंतीच्या रंगाचा स्क्रू मागतोस, उद्या केसांच्या रंगाची टोपी मागशील का? तेव्हा रंगवायचेच ठरले. फ्रिजच्या खोक्यातल्या थर्माकोलमध्ये स्क्रू उभे खोचायचे आणि डोकी ऑइलपेंटनं रंगवायची. भिंतीवरचे आहेत तिथंच रंगवावेत म्हणून शहादेवनं एका कोपऱ्यात ब्रश चालवून बघितला होता, पण रंग स्क्रूच्या भोवती पॅनलवर पसरला, आणि संस्कृतीनं त्याच्या हातातला ब्रश काढूनच घेतला.

पहिली खेप नवव्या दिवशी झाली. बायनाबाई पुडी घेऊन गॅरेजवर गेल्या. शहादेवनं चार चांदीचे स्क्रू काढून चार रंगवलेले लावले, मागं सरकला आणि मान वाकडी केली.

"मावशी, हे जरा हिरवट मारायलेत."

"हिरवट? आरं, दुकानात तर बरूबर होतं."

"दुकानात असंल. हितं तर देवी आल्यावानी चार ठिपके दिसायलेत."

संस्कृती वायर सोडून आली. तिनं लांबून बघितलं, जवळून बघितलं. "थोडा फरक आहे आत्याबाई. दुकानातल्या उजेडामुळं झालं असेल."

उजेड. बाईंना ते पटलं. साडीला मॅचिंग खण घेतानासुद्धा दुकानाच्या पायरीवर येऊन उन्हात धरून बघावा लागतो, हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं? दुसऱ्या खेपेला त्यांनी जलालुद्दीनला काउंटरमागून उठवून पायरीवर बसायला लावलं. भर उन्हात रंग कालवला. तुकडा आणि स्क्रू अगदी एकरूप दिसले. पुडी घेऊन त्या रिक्षानं गॅरेजवर गेल्या. शहादेवनं स्क्रू लावले आणि तो मागं सरकला. नुसता डोकं खाजवत राहिला.

फरक कमी व्हायचा तर वाढला होता.

घरी येऊन बाईंनी देवघरात समईच्या उजेडात तुकड्यावर स्क्रू ठेवून बघितला. एकच रंग. सकाळी खिडकीत नेऊन बघितलं. एकच रंग. मग त्यांना वाटलं, आपलेच डोळे गेले. शेजारच्या रोहिणीच्या आईला मोतीबिंदू झाला तेव्हा तिलाही सगळं पिवळं-हिरवं दिसायचं. पण मग शहादेवला कसं दिसलं? त्याला काय झालंय? तो तर चालत्या ट्रकवरची पाटी वाचतो. आणि आपले डोळे गेले असते तर दुकानातही वेगळंच दिसायला पाहिजे होतं. का उपासानं होतंय? पण परवा तर उपास नव्हता.

सोमवारी त्यांनी जलालुद्दीनकडून त्याच्या दुकानातला बल्बच मागून घेतला.

"बल्ब?" तो म्हणाला.

"ह्या बल्बाखाली जुळतो ना? मग हाच तिकडं लावून बघते."

त्यानं स्टुलावर चढून बल्ब काढून दिला. दुकानात अर्धा अंधार झाला. तेवढ्यात आलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "भाई, लाइट गेली का?" "लाइट न्हाई गेली," जलालुद्दीन म्हणाला, "काकू घिऊन चालल्यात." गॅरेजमध्ये शहादेवनं तो बल्ब लावला. स्क्रू हिरवट ते हिरवटच.

त्या रात्री संस्कृतीनं घाईघाईनं चार घास खाल्ले. ताटावरून उठताना एवढंच म्हणाली, "मी जलालभाईंना फोन केला होता, आत्याबाई. विचारलं, रंगात भेसळ आहे का. घरी न्यायला वेगळा आणि दाखवायला वेगळा, असं चाललंय का. त्यांनी फोनच ठेवून दिला." तिचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "गुरुवार आलाय. दोनशे चाळीस स्क्रू आहेत. मला कळत नाही काय करावं."

बायनाबाईंनी तिचा डबा घासायला घेतला. संस्कृती रोज गॅरेजवर वरण-भात न्यायची तो प्लास्टिकचा डबा, मूळचा पांढरा. किती घासला तरी तो आता पिवळाच राहायचा. घासता घासता त्यांचं लक्ष डब्याकडं नव्हतं.

आणि म्हणून बुधवारी, विसाव्या दिवशी, त्या पुन्हा दुकानात येऊन बसल्या होत्या.

"जलाल," त्या म्हणाल्या, "संस्कृती तुला काय बोलली ते मला कळलं. मनावर घिऊ नको."

"न्हाई घेतलं." तो स्क्रू पुडीत घालत म्हणाला. पण त्यानं घेतलं होतं, हे त्याच्या बोटांवरून दिसलं. पुडी त्यानं तीनदा बांधली आणि तीनदा सोडली. "काकू, खरं सांगू? माझी अक्कल सरली. तुमी अम्मीला दाखवा. मागच्या गल्लीत बसलीय. रंगाचं तिच्याइतकं गेवराईत कुणाला कळत न्हाई."

जलालुद्दीनची अम्मी आमिनाबी म्हणजे लाखेच्या बांगड्या करणारी. बायनाबाईंच्या लग्नात चुडा भरायला तीच आली होती. नंतर दर सणाला यायची. गेल्या नऊ वर्षांत मात्र बायनाबाई त्या गल्लीत गेल्या नव्हत्या. जायचं कारणच उरलं नव्हतं.

आमिनाबी ओट्यावर शेगडी घेऊन बसली होती. निखाऱ्यावर लाख मऊ होत होती, शेजारी रंगांच्या वड्या. पानाचा डबा मांडीशी. सत्तरीची असेल, पण हात तेच.

"कोण? बायनाबाई?" ती म्हणाली. "या अल्ला, लई दिसानं! या, बसा. सून गॅरेज टाकायली म्हणं? लई चांगलं केलं. माझ्या जलालला मी म्हणत होते, तुजी बायको बी दुकानात बसव, तुज्यापरीस जास्त हिशेबी हाय. आयकंल तर शप्पत."

बाई शेजारी टेकल्या. आमिनाबीनं जुन्या सवयीनं त्यांचा हात हातात घेतला, बोटं जुळवून मुठीची हाडं दाबून बघितली, जशी बांगडीचं माप बघतात तशी. मग स्वतःच थांबली. हातात नुसत्या दोन पाटल्या होत्या. हात तिनं सोडला नाही, उलटा केला.

"ही हळद कशाची, बाई? बोटं पिवळी झालीत."

"देवाची. रोजच्या पूजेची."

बाईंनी तुकडा आणि स्क्रू पुढं ठेवले आणि सगळं सांगितलं. दुकान, पायरी, ऊन, बल्ब. आमिनाबी ऐकत होती, पण बघत होती तुकड्याकडं. तिनं तो उचलला, उन्हात तिरपा धरला, नाकाशी नेला.

"हा बी देवापाशी ठिवता?"

"हो. संकल्प हाय."

"आन् ह्याला बी हळद-कुंकू लावता?"

बायनाबाई घुटमळल्या. "लावते रोज. पण दुकानात आणताना पुसून आणते. जलालला हसू येऊ नाही म्हणून."

"कशानं पुसता?"

"पदरानं. जरा ओला करून. आन् उगं एका जागी डाग राहू नाही म्हणून सगळीकडून पुसते."

आमिनाबीच्या बोटाला पान लावताना लागलेला चुना तसाच होता. ते बोट तिनं तुकड्याच्या कोपऱ्यावर टेकवलं, दोनदा चोळलं आणि तुकडा बाईंच्या पुढं धरला.

कोपरा लालसर झाला होता.

हळदीला चुना लागला की लाल होतं, हे बायनाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्यांची आई घरीच कुंकू करायची. तरीही त्या त्या ठिपक्याकडं बघत राहिल्या, जणू तो आत्ता आकाशातून पडला होता. मग त्यांना घरातला डबा आठवला. पांढरा होता. पिवळा झाला. रोज हातात होता.

"मी नवरीला चुडा भरते, बाई," आमिनाबी सावकाश म्हणाली. "हळद लागल्याबिगर नवरी माझ्यापुढं बसत न्हाई. हळदीच्या हातावर हिरवी बांगडी येगळी दिसते आन् धुतलेल्या हातावर येगळी. चाळीस वर्षं तेच बघायले. तुमचा तुकडा रोज थोडा थोडा पिवळा व्हायलाय, आकाशीत पिवळं पडलं की हिरवट मारणारच, आन् माझा लेक रोज त्याच्या मागं पळायलाय. रंग त्यानं बरूबर कालवला. पर भिंतीचा न्हाई, तुमच्या पूजेचा."

"म्हंजे मीच..." बाईंनी आपल्या पिवळ्या बोटांकडं बघितलं.

त्यांच्या मनात एकदम खूप काही आलं. देवाला लावलेली हळद कामाच्या आड कशी येईल? आणि आली, तर मग देवाला हे काम नको होतं का? का त्याला हवं होतं आणि आपणच वेड्यासारखं पुसत बसलो? आपण तर चांगल्यासाठी केलं. चांगल्यासाठी केलेलं चुकतं तेव्हा ते कुणाच्या खात्यावर जातं? कळलं एवढंच, की जलालुद्दीनची काही चूक नव्हती आणि त्याला भेसळ करणारा म्हटलं गेलं होतं.

"आमिनाबी," त्या म्हणाल्या, "तुमी माझ्यासंगं गॅरेजवर चला. आत्ता. भिंतीवर बघून रंग लावू."

"असरची नमाज झाली की निघू," आमिनाबी म्हणाली. "तवर तुमी बी तुमच्या देवाला सांगा काय सांगायचं ते."

आमिनाबी आत नमाजाला गेली. बाई ओट्यावर डोळे मिटून बसल्या. हात जोडलेले राहिले, एवढंच.

रिक्षात आमिनाबी, बायनाबाई आणि रंगाचे डबे मांडीवर घेतलेला जलालुद्दीन असे तिघं बसले. वाटेत बाईंनी रिक्षा घरासमोर थांबवली आणि साठवणीच्या फुलवातींचा डबा घेऊन आल्या. कशाला, ते त्यांना तेव्हा पक्कं माहीत नव्हतं. हात रिकामे नेववेनात, एवढंच कारण होतं. तुकडा मात्र त्यांनी पदराखालीच ठेवला. वीस दिवस झाले होते. एकविसावा उद्या.

गॅरेजच्या उंबऱ्याबाहेर त्या थांबल्या.

"संस्कृती, जरा बाहेर ये बाई."

संस्कृती हात पुसत आली. जलालुद्दीनला बघून तिचा चेहरा आवळला. बायनाबाईंनी तुकडा उघडा केला, कोपऱ्यावरचा लाल ठिपका दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण एकही वाक्य त्यांनी गिळलं नाही. "रंगात भेसळ न्हवती. भेसळ माझ्या हातात होती. ह्यांना तू बोललीस ते माझ्यामुळं."

संस्कृती तुकड्याकडं बघत राहिली. मग तिनं पुढं होऊन तो भिंतीला लावून बघायला हात केला, आणि आत्याबाईंचा चेहरा बघून हात मागं घेतला.

"एकदा हा इथं आणला असता," ती म्हणाली, "तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

"आणायचा न्हवता. संकल्प होता."

"मला सांगायचं तरी."

"मलाच ठाऊक न्हवतं, तुला काय सांगू?"

शहादेव आतून म्हणाला, "मावशी, म्हंजे आपण वीस दिस हळदीचा रंग हुडकायलोत का?" आणि त्याला जे हसू फुटलं ते आवरेना. संस्कृतीनं त्याच्याकडं रागानं बघितलं. पण तिच्याही ओठांचा कोपरा हलला. मग ती जलालुद्दीनकडं वळली.

"जलालभाई, मी वाईट बोलले."

"जाऊ द्या ताई," तो म्हणाला. "बल्ब तेवढा परत द्या. सोमवारपासून अंधारात धंदा करायलो."

दिवस कलायला वेळ होता. आमिनाबी शटरच्या तोंडाशी, जिथं ऊन भिंतीवर पडत होतं तिथं खुर्ची टाकून बसली. जलालुद्दीननं डब्याच्या झाकणात पांढरा ओतला. ती सांगत गेली: काळा, सुईच्या टोकावर मावंल येवढा. आता निळा. बस. आणखी जरा पांढरा. प्रत्येक वेळी काडीनं एक ठिपका चांदीच्या एका स्क्रूवर लावायचा, डोळे बारीक करायची, तोंड फिरवायची, पुन्हा एकदम बघायची. सातव्या ठिपक्याला ती म्हणाली, "गेला." सगळे पुढं वाकले. स्क्रू कुठं होता ते खरंच दिसेना.

"पर लावायचा कशानं?" शहादेव म्हणाला. "ब्रश पसरतो. आन् रंगवून मग आवळावं तर पेचकसानं डोक्यावरचा रंग उडतो. दोन्हीकडनं अडचण."

बायनाबाईंनी डबा उघडला. एक फुलवात उचलली, तिचं टोक चिमटीत धरलं आणि बुड रंगात जेमतेम टेकवलं. मग स्क्रूच्या डोक्यावर अलगद दाबलं, समईत वात बसवतात तसं. उचललं. स्क्रूचं डोकं पॅनलमध्ये विरून गेलं. भोवती एक थेंब नव्हता. फुलवातीचं बूड आणि स्क्रूचं डोकं एकाच मापाचं निघालं.

"एका स्क्रूला एक वात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा वापरली की पसरंल."

पुढं दोन-अडीच तास, दिवे लागल्यावरही, काम चाललं. संस्कृती शिडीवर, शहादेव मधल्या ओळीला, बायनाबाई खालच्या. आमिनाबी खुर्चीतून बोट दाखवायची: तो राहिला, तो डावीकडचा. आधी लावलेले हिरवट स्क्रू मधेच लागले तर शहादेव ते काढून खिशात टाकायचा आणि चांदीचा परत लावायचा. दोनशे चाळीस वाती गेल्या. देवासाठी वळलेल्या वाती भिंतीला लागल्या, हे पुण्यात धरायचं की चुकीत, बाईंना ठरवता येईना. उद्या सकाळी दुप्पट वळू, असं म्हणून त्यांनी तो विचार बाजूला सारला.

राहिला तो तुकडा. संस्कृतीनं साबण आणला, लिंबू आणलं. पिवळेपणा हलला नाही, लाल ठिपका तेवढा फिकटला. दुसरा तुकडा कापायला पॅनल शिल्लक नव्हतं.

"उन्हात ठिवला तर हळद उडती," आमिनाबी म्हणाली. "पर आठ-पंधरा दिस लागतील."

साहेब उद्या अकराला येणार होते.

गुरुवारी पहाटे बायनाबाईंनी दुप्पट वाती वळल्या, एकविसावी पूजा केली आणि या वेळी हळद लावली नाही. नुसतं फूल वाहिलं. तुकडा पदराखाली घेऊन त्या गॅरेजवर आल्या, उंबऱ्याला हात लावला आणि पहिल्यांदाच तो आत नेला. शटरच्या बाजूच्या उघड्या जागेत तो बरोबर बसला.

"स्क्रू?" शहादेवनं विचारलं.

चांदीचे चार लावायचे आणि फुलवातीनं रंगवायचे, असं संस्कृतीच्या मनात होतं. पण भिंतीच्या रंगाचा स्क्रू या तुकड्यावर ठिपक्यासारखा दिसला असता. शहादेवनं खिशात हात घातला. कालचे हिरवट स्क्रू त्याच्या खिशातच होते. त्यानं चार काढले आणि रंग उडू नये म्हणून पेचकसाखाली फडकं धरून हलकेच आवळले.

ते तंतोतंत जुळले. भिंतभर शोधलं असतं तरी इतकं नेमकं जुळलेलं दुसरं काही सापडलं नसतं.

साहेब आले. चार्जिंगचे खांब बघितले, कपाट उघडून बघितलं, भिंतीजवळ गेले. हात फिरवला. स्क्रू शोधायला त्यांना वाकावं लागलं.

"हे कुठून मिळाले तुम्हाला? बाकीच्या सेंटरवाल्यांना कुठंच मिळेनात."

"इथंच केले," संस्कृती म्हणाली.

मग साहेब शटरपाशी थांबले. बायनाबाई कोपऱ्यात स्टुलावर बसल्या होत्या.

"हा एक तुकडा वेगळा दिसतोय. ह्याला काय झालं?"

संस्कृतीनं आत्याबाईंकडं बघितलं. आता ही काय सांगणार, हे बाईंना कळेना. खोटं तिला येत नव्हतं आणि खरं सांगायला फार लांब होतं.

"हळद लागलीय, साहेब," ती म्हणाली. "रोज पूजा व्हायची त्याची, सेंटर मिळावं म्हणून. उन्हानं उडेल पंधरा दिवसांत. नाही उडाली तर मी स्वतः बदलते. पण आज तो तिथंच राहणार."

साहेब तुकड्याकडं बघत राहिले. कोपऱ्यावरच्या पुसट लाल ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं, बोटाकडं बघितलं. मग पेन काढलं. कागदावर काय लिहिलं ते बाईंना इतक्या लांबून वाचता आलं नाही. संस्कृतीनं ते वाचलं, आणि येऊन त्यांच्या पायाशी वाकली, तेव्हा त्यांना कळलं.

बोर्ड लागला. स्कूटरी येऊ लागल्या. गावानं दुसरे विषय शोधले.

शटरच्या बाजूनं रोज दुपारनंतरचं ऊन त्या तुकड्यावर पडतं. महिनाभरातच त्यातली हळद उडाली आणि तुकडा हळूहळू आपल्या मूळ रंगावर आला, राखाडी, आकाशी झाकीचा, बाकीच्या भिंतीसारखा. आता सगळी भिंत एक झाली, आणि तिच्यात चारच स्क्रू हिरवट दिसू लागले.

एक दिवस बायनाबाई डबा द्यायला आल्या आणि बराच वेळ त्या चार स्क्रूंपुढं उभ्या राहिल्या.

"संस्कृती," शेवटी त्या म्हणाल्या, "हे तर बरूबर जुळले होते ना गं?"

"जुळले होते, आत्याबाई."

"मग?"

संस्कृतीनं पाना खाली ठेवला. त्या दिवशी उरलेल्या रंगाची बाटली कपाटात होती. "वात आहे का तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

बायनाबाईंनी पदराच्या गाठीला हात लावला. चार वाती होत्या. त्यांनी त्या काढल्या, तळहातावर घेतल्या आणि पुन्हा एकदा त्या चार हिरवट ठिपक्यांकडं बघितलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "साहेब परत यायचे असतील तेव्हा बघू."